जुन्या शेव्हर्ले पिकअपचं इंजिन बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन जुनी पिकअप घेतलेली मराठी माणसं मोजकी आहेत, पण सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. मुख्य भर १९६७ ते १९७२ च्या शेव्हर्ले सी-१० वर आहे, कारण माझ्याकडे त्यातलीच १९७० ची आहे. शब्द आपल्याकडच्या गॅरेजचेच वापरले आहेत: ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी), फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते आधार), सेल्फ (स्टार्टर मोटर), हौदा (मागचा माल ठेवायचा भाग), क्लीनर साइड. अमेरिकन पिकअपला क्लीनर नसतो आणि स्टिअरिंग डावीकडे असतं, तेव्हा क्लीनर साइड म्हणजे उजवी बाजू एवढं ध्यानात असू द्या.

सी-१० म्हणजे नक्की कुठली गाडी?

जनरल मोटर्सने १९६० च्या मॉडेलपासून पिकअपना ही नावं दिली. ‘सी’ म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद, ‘के’ म्हणजे चारही चाकांना. १० म्हणजे अर्धा टन, २० म्हणजे पाऊण टन, ३० म्हणजे एक टन. टन हा त्या वर्गाचा जुना शिक्का समजा, वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. याच गाडीचं जीएमसी, म्हणजे जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या नावाने विकलेलं, भावंडही आहे. ठळक फरक मागच्या चाकांशी: शेव्हर्लेच्या सी-१० ला सहसा कॉइल स्प्रिंग, तर जीएमसीला सहसा पाटे. जाहिरातीत ‘शेव्हर्ले’ लिहिलेलं असलं तरी एकदा खाली वाकून बघाच.

शेव्हर्लेचे ट्रक मुंबईला नवे नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला.

माझं मूळ इंजिन चालू आहे. तरी बदलू का?

सहा सिलिंडरचं २५० घन इंची इंजिन चांगलं चालत असेल आणि गाडी रविवारी फिरवण्यापुरतीच असेल, तर नका बदलू. ते इंजिन साधं आहे आणि बोनेटखाली हात घालायला भरपूर जागा सोडतं. माझ्या ओळखीत बदलाच्या नादात दोन वर्षं गाडी ठोकळ्यांवर उभी ठेवणारे तिघे आहेत. तिघांचीही मूळ इंजिनं चालू होती.

हायवेवर रोज जायचं असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल किंवा ब्लॉकच तडकला असेल, तर पुढे वाचा.

एक फसवी तुलना मात्र टाळा. १९७० च्या ट्रकमधल्या ३५० घन इंची व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनावर २५५ हॉर्सपॉवर लिहिलेले असतात, १९७२ च्या त्याच इंजिनावर १७५. मधल्या काळात कॉम्प्रेशन थोडं उतरवलं गेलं, पण मोठा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. आधी पंखा, डायनॅमो, सायलेन्सर काहीही न जोडता उघडं इंजिन मोजत. १९७२ पासून सगळं जोडून मोजू लागले. जुन्या माहितीपत्रकातला आकडा घेऊन नव्या इंजिनाशी ताडू नका.

जुनं स्मॉल ब्लॉक बसवू की एलएस?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात. दोन्ही जनरल मोटर्सचीच व्ही-८ इंजिनं, एक जुन्या पिढीचं, एक नव्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडतो, मग माझं.

स्मॉल ब्लॉक व्ही-८ आलं १९५५ मध्ये, २६५ घन इंचाचं. ३५० म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन १९६७ मध्ये आलं आणि पुढे दशकानुदशकं बनत राहिलं. याचे पार्ट कुठल्याही गावात मिळतात. १९६७ ते ७२ च्या सी-१० मध्ये कारखान्यातूनच स्मॉल ब्लॉक येत होतं, त्यामुळे फाउंडेशन, रेडिएटर, क्लचची जोडणी सगळं ठरलेल्या जागी बसतं. गाडी मूळची सहा सिलिंडरची असेल तर क्रॉसमेंबरवरचे फाउंडेशनचे स्टँड व्ही-८ चे लागतील, एवढंच.

पण ‘सगळी ३५० सारखीच’ हे गॅरेजमधलं वाक्य महागात पडतं. १९८५ पर्यंतच्या क्रँकला मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एकसंध. त्यासोबत फ्लायव्हील बदलतं, ऑइल चेंबरही बदलतो. फ्लायव्हीलच्या रिंगला १५३ दाते असतील तर सेल्फचे दोन बोल्ट सरळ ओळीत येतात, १६८ असतील तर तिरके. ४०० घन इंची स्मॉल ब्लॉकचं संतुलन बाहेरच्या वजनांवर असतं, म्हणून त्याचं बॅलन्सर आणि फ्लायव्हील ३५० ला लावलंत तर इंजिन असं थरथरेल की आरशात मागचं काही दिसणार नाही. इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी ते कुठल्या वर्षाचं हे ब्लॉकवरच्या ओतीव आकड्यावरून पक्कं केल्याशिवाय पैसे देऊ नका.

एलएस हे पुढच्या पिढीचं. १९९७ च्या कॉर्व्हेट या शेव्हर्लेच्या स्पोर्ट्स कारमध्ये आलं आणि १९९९ पासून ट्रकमध्ये ४.८, ५.३ आणि ६ लिटरच्या रूपात लाखोंनी निघालं. कार्ब्युरेटर नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल. भंगारात पडलेलं ५.३ लिटरचं साधं ट्रक इंजिनही कारखान्यातून २७० ते २९५ हॉर्सपॉवर घेऊन निघालेलं असतं, तेही नव्या पद्धतीने मोजलेले. थंडीत पहाटे एका चावीत सुरू होतं.

माझं मत असं. गाडी रोज वापरायची असेल आणि वायरिंगची भीती नसेल तर एलएस. स्वतःच्या हाताने कार्ब्युरेटर जुळवण्यात मजा वाटत असेल तर स्मॉल ब्लॉक. फक्त बोनेट उघडून लोकांना दाखवायचं असेल तर अर्थातच स्मॉल ब्लॉक. एलएसवरची प्लास्टिकची झाकणं बघायला कोणी थांबत नाही.

भंगारच्या यार्डात योग्य एलएस कसं ओळखायचं?

गाडी समोर असेल तर तिच्या व्हीआयएनचं, म्हणजे कारखान्याने दिलेल्या गाडी क्रमांकाचं (नंबर प्लेटचं नव्हे), आठवं अक्षर बघा. १९९९ ते २००७ च्या आसपासच्या ट्रकमध्ये टी म्हणजे ५.३ लिटरचं लोखंडी ब्लॉकचं एलएम७, व्ही म्हणजे ४.८, यू म्हणजे ६ लिटरचं एलक्यू४, एन म्हणजे ६ लिटरचंच एलक्यू९. बी दिसलं तर खुश व्हा: ते अॅल्युमिनियम ब्लॉकचं ५.३ आहे.

नंतरच्या, म्हणजे चौथ्या पिढीच्या अनेक ५.३ मध्ये कमी भारावर चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते. तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बिघडण्याबद्दल बदनाम आहेत. असं इंजिन घेतलंत तर ती यंत्रणा काढायचा खर्च आधीच धरा. तिसऱ्या, म्हणजे वर सांगितलेल्या १९९९ ते २००७ च्या पिढीचीही दुखणी आहेत. नॉक सेन्सर मॅनिफोल्डखालच्या खळग्यात बसतात, तिथे पाणी साचून गंजतात. काही हेडवर ‘कास्टेक’चं चिन्ह ओतलेलं असतं, त्यातले काही आतून तडकतात आणि कूलंट गुपचूप कमी होत राहतं. व्हॉल्व्ह कव्हर काढून पाहायची परवानगी मागा. आतलं तेल दुधाळ दिसलं तर नमस्कार करून पुढच्या गाडीकडे.

आणि हे विसरू नका: इंजिनासोबत त्याचं वायरिंग, कॉम्प्युटर, अॅक्सिलरेटरचं पॅडल, सगळे सेन्सर, पुढचे पुली-ब्रॅकेट एकाच गाडीतून घ्या. सुटे सुटे गोळा केलेले पार्ट दुप्पट महाग पडतात. हे मी कॉइलच्या एका ब्रॅकेटपायी तीनदा यार्डात जाऊन शिकलोय.

एलएस थेट बसतं का?

नाही, पण अडचणी ठरलेल्या आहेत.

स्मॉल ब्लॉकच्या फाउंडेशनला ब्लॉकवर तीन बोल्ट, एलएसला चार. मध्ये अॅडाप्टर प्लेट लागते. अशा प्लेटमध्ये इंजिन पुढे-मागे सरकवायची सोय असते, आणि तिथेच लोक घाई करतात. इंजिन शक्य तितकं मागे घ्या, पण हेडचा मागचा भाग आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) यांत हात जाईल एवढी फट ठेवा. उद्या काहीही काढायचं झालं तर त्याच फटीतून काढायचं आहे.

ट्रकच्या एलएसचा ऑइल चेंबर खोल असतो, खाली उतरवलेल्या सी-१० मध्ये तो क्रॉसमेंबरच्याही खाली लोंबतो. अशा बदलासाठी उथळ चेंबर मिळतात. चेंबर बदलला की आतली तेल ओढणारी नळी (पिकअप पाइप) आणि तेल क्रँकवर उडू न देणारी पत्रीही त्याच संचातली घ्या.

कूलिंगमध्ये एक नवी गोष्ट आहे. एलएसच्या हेडमधून वाफ बाहेर काढणारी बारीक नळी निघते. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा एक्स्पान्शन टाकीला जोडावीच लागते. बुच मारून मोकळे झालात तर हेडमध्ये हवा अडकते, आणि काटा मध्यावर असतानाच मागचे सिलिंडर तापतात.

वायरिंग मला जमेल का?

जमेल. एलएस चालायला लागणाऱ्या तारा लोकांना वाटतात त्यापेक्षा खूपच कमी आहेत: बॅटरीची कायम वीज, चावीची वीज, अर्थ, पेट्रोल पंपाचा रिले, पंख्याचे रिले. बाकीचं जाळं इंजिन आणि कॉम्प्युटर यांच्यातलं, ते तयारच असतं. कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी कुलूप मात्र सॉफ्टवेअरने काढून घ्यावं लागतं. ते राहिलं तर इंजिन क्षणभर पेटतं आणि विझतं, आणि आपण दिवसभर पेट्रोल पंपावर संशय घेत बसतो.

२००२ पर्यंतच्या बहुतेक ५.३ ना अॅक्सिलरेटरची केबल असते, २००३ पासून बहुतेकांना विजेचं पॅडल. केबलवालं सोपं, पण पॅडलवालंही वाईट नाही. फक्त पॅडल आणि कॉम्प्युटर एकाच घरातले हवेत.

१९७२ पर्यंतच्या गाड्यांत अल्टरनेटरचा रेग्युलेटर बाहेर, वेगळ्या डबीत असतो. नव्या इंजिनासोबत येणाऱ्या अल्टरनेटरमध्ये तो आतच असतो. जुनी डबी निवृत्त करायची, आणि बॅटरीकडे जाणारी तार जाड टाकायची.

पेट्रोलची टाकी सीटमागे आहे. तशीच ठेवू?

नको. १९७२ पर्यंतच्या या पिकअपमध्ये सुमारे २० गॅलनची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते. पेट्रोलचा वास ही या गाड्यांची ओळखच झाली आहे आणि लोक तो कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. पाठीला टेकून ७५ लिटर पेट्रोल वागवायचं कारण आज उरलेलं नाही.

एरवीही टाकीला हात लावावाच लागतो. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप ५ ते ७ पीएसआय दाबावर काम करतो, एलएसच्या इंजेक्टरना सुमारे ५८ पीएसआय लागतात. त्यासाठी टाकीच्या आत बुडालेला विजेचा पंप सगळ्यात बरा. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि त्याचा आवाजही येत नाही. सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे १९६९ ते ७२ च्या ब्लेझरची (शेव्हर्लेच्याच एसयूव्हीची) टाकी हौद्याखाली, मागच्या अॅक्सलच्या मागे बसवणं.

गिअरबॉक्स कुठला?

इंजिनापेक्षा जास्त विचार इथे करा. गाडीचा स्वभाव गिअरबॉक्सच बदलतो.

एक हिशेब घालून बघू. मागे ३.७३ चा क्राउन-पिनियन (म्हणजे शाफ्टच्या ३.७३ फेऱ्यांना चाकाची एक), टायरचा व्यास २८ इंच, वेग ताशी ७० मैल. जुन्या तीन गिअरच्या टीएच३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वरचा गिअर थेट असतो, तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ३,१३० फेऱ्यांवर ओरडत असतं. चार गिअरच्या ७००आर४ या ऑटोमॅटिकचा चौथा गिअर ०.७० चा आहे. त्याच वेगाला इंजिन सुमारे २,१९० फेऱ्यांवर येतं. केबिनमध्ये बोलता येऊ लागतं. शिवाय टीएच३५० चा पहिला गिअर २.५२, ७००आर४ चा ३.०६, म्हणजे उठायलाही जोर जास्त.

७००आर४ ची एक मेख आहे, टीव्ही केबल. दूरदर्शनशी तिचा संबंध नाही. थ्रॉटल किती उघडलाय हे ती गिअरबॉक्सला कळवते, आणि त्यावर आतला तेलाचा दाब ठरतो. ती ढिली राहिली तर क्लचप्लेटा घसरून थोड्याच अंतरात जळतात. माझा पहिला ७००आर४ असाच गेला. ज्या गॅरेजने बसवला त्यांनी केबल ‘नंतर जुळवून घ्या’ म्हणून गाडी हातात दिली, आणि मी घरापर्यंत चालवत आणली. चूक दोघांची, पैसे माझे.

एलएससोबत ४एल६०ई किंवा ४एल८०ई घेतलात तर ही केबलच नाही, सगळं कॉम्प्युटर बघतो. जुना टीएच३५० किंवा ७००आर४ एलएसला जोडायचा असेल तर जोडणीचे बोल्ट बहुतेक जुळतात, पण एलएसच्या क्रँकचं टोक ०.४ इंच आखूड आहे. मध्ये तेवढा स्पेसर आणि योग्य फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकसाठीचं पातळ फ्लायव्हील) घालायला विसरलात तर कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा तेलाचा डबा) नीट बसत नाही आणि गिअरबॉक्सचा तेलपंप मरतो.

हाताने गिअर टाकणाऱ्यांसाठी: या ट्रकांतला एसएम४६५ दणकट आहे, पहिला गिअर ६.५५ चा. त्यावर गाडी माणसाच्या चालीने चालते, भिंत ओढायची असेल तर उत्तम. पण क्लचच्या यांत्रिक जोडणीचा मधला गोळा टेकवायची जागा एलएसच्या ब्लॉकवर नाही, म्हणून हायड्रॉलिक क्लच करावा लागतो.

आधी काय करू, इंजिन की ब्रेक?

ब्रेक. १९७० पर्यंतच्या सी-१० ला पुढे ड्रम आहेत, १९७१ पासून पुढच्या डिस्क कारखान्यातूनच आल्या. १९७१-७२ च्या गाडीचा पुढचा संच जुन्या गाडीला बसतो. त्यासोबत चाकाच्या बोल्टांचा हिशेब बदलतो: १९७० पर्यंत सहा बोल्ट, १९७१ पासून पाच, ५ इंच व्यासाच्या वर्तुळावर. म्हणजे पुढे पाच आणि मागे सहा अशी गाडी होते, स्टेपनी कुठलीही घेतली तरी निम्म्या वेळा चुकीची. मागचे अॅक्सलही त्याच वेळी बदलून घ्या.

मास्टर सिलिंडर डिस्कचाच लावा. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो, त्याने डिस्कचे पॅड चिकटून राहतात आणि चाक तापतं.

एका वर्षाचे पत्रे दुसऱ्या वर्षाला बसतात का?

बरेचसे. नाही बसत ते लक्षात ठेवायला सोपे आहेत. १९६७-६८ चं बोनेट उताराचं, १९६९ पासूनचं नाक उभं. बाजूचे छोटे मार्कर दिवे १९६८ पासून, म्हणून १९६७ चे फेंडर कोरे. १९६७ ला मागची खिडकी लहान किंवा मोठी अशा दोन्ही प्रकारांत होती. लहान काचेच्या केबिनला मोठी काच लावायची तर पत्रा कापावा लागतो.

फोर्डवाल्यांनी काय करायचं?

मी शेव्हर्लेवाला आहे, तेव्हा थोडक्यात. १९५३ ते ५६ ची एफ-१०० ही फोर्डची पिकअप सुंदर दिसते आणि चालवताना बैलगाडीसारखी हेलकावते. म्हणून तिथे लोक इंजिनाआधी पुढचं सस्पेन्शन बदलतात, त्यासाठी २००३ ते २०११ च्या क्राउन व्हिक्टोरिया या फोर्डच्याच मोटारीचा अख्खा पुढचा क्रॉसमेंबर लोकप्रिय आहे. तो रुंद आहे, चाकं फेंडरबाहेर येऊ नयेत म्हणून रिम आतल्या बाजूला खोल घ्यावे लागतात. २०११ च्या मस्टँगपासून आलेलं ५ लिटरचं कोयोट इंजिन दणदणीत आहे, पण चार कॅमशाफ्टमुळे वरून फार रुंद. आधी पुठ्ठ्याचा साचा करून बोनेटखाली ठेवून बघा.

हे कायद्यात बसतं का?

अमेरिकेत राज्याप्रमाणे बदलतं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला धुराची तपासणी नाही, त्यामुळे सी-१० ची ही पिढी सुटते. १९७६ पासूनच्या गाडीत मात्र इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं, धूर कमी करणारी त्याची सगळी सामग्री सोबत हवी, आणि सरकारी रेफरीकडून (असे बदल तपासणाऱ्याकडून) शिक्का घ्यावा लागतो.

भारतातले मित्र जुन्या जीपमध्ये असंच करू म्हणतात, त्यांना सांगतो: आपल्याकडे आरसीवर इंजिन क्रमांक असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला बदल बेकायदा ठरतो. आणि ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांतली ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज पाटी हवी असेल तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. पाटी की नवं इंजिन, एकच काहीतरी निवडा.

किती दिवस लागतात?

इंजिन उतरवायला एक शनिवार. नवं टांगून फाउंडेशनवर ठेवायला दुसरा शनिवार. त्या संध्याकाळी फोटो काढून घरी पाठवाल आणि आई विचारेल, ‘झाली का गाडी?’ तिथून पुढे टाकी, पाइप, वायरिंग, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्टची लांबी, स्पीडोमीटर. नोकरी सांभाळून करणाऱ्याला वर्ष धरा. शाफ्ट कापायला देण्याआधी गाडी चाकांवर उभी करून, पूर्ण भारासकट माप घ्या. जॅकवर घेतलेलं माप चुकतं.

वीज भरू का, म्हणजे इंजिनाऐवजी विजेची मोटार?

होतं तेही. शेव्हर्लेने २०२० मध्ये १९७७ च्या ब्लेझरमध्ये ‘बोल्ट’ या आपल्या विजेच्या गाडीचे पार्ट बसवून दाखवले, फोर्डने २०२१ मध्ये १९७८ ची एफ-१०० मस्टँग माख-ई या विजेच्या गाडीच्या दोन मोटरींवर चालवली. घरच्या गॅरेजमध्ये हे करणाऱ्याला एवढंच सांगेन की त्या बॅटरीचा व्होल्टेज माणूस मारतो. १२ व्होल्टवर शिकलेली बेफिकिरी तिथे चालत नाही.

जुन्या इंजिनाचं काय करू?

विकू नका, निदान लगेच नाही. सगळं तेल-पाणी काढा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि प्लग परत लावा. इनटेकची आणि सायलेन्सरची भोकं चिंधीने नव्हे, पत्र्याने बंद करा. चिंध्यांत उंदीर घर करतात. ब्रॅकेट, बोल्ट, जुना रेग्युलेटर, कार्ब्युरेटरच्या नळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रत्येकीवर नाव लिहा आणि पिशव्या इंजिनालाच बांधा. माझं २५० गेली सहा वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. बायको त्यावर कपड्यांची टोपली ठेवते.